पाचाचा आकडा आणि ग्रंथालयाची वेबसाइट

ग्रंथालयाची तालिका, म्हणजे संग्रहातल्या नोंदींची यादी, टेलनेटवरून (वेबपूर्व काळातल्या निव्वळ अक्षरांच्या पडद्यावरून) उघडायची तेव्हा प्रश्न एवढाच असे: नोंद सापडते की नाही? वेब आलं आणि तालिकेच्या शेजारी नियतकालिकं, डेटाबेस, मुदतवाढ, वेळा असं सगळं एकाच मुखपृष्ठावर येऊन बसलं. मग नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांना संगणकासमोर बसवून, मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावून या वेबसाइटांच्या चाचण्या सुरू झाल्या. १९९८च्या आंतरराष्ट्रीय मानकाने वापरसुलभता परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान यांवर तोलली. त्यात ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टं आणि ठरावीक परिस्थिती अशी अट होती. ती मागे पडली. डोक्यात बसला तो पाचाचा आकडा.

पाच जणांवर चाचणी घेतली की सुमारे ८५ टक्के अडचणी कळतात, असं हे गणित. त्यामागे गृहीत धरलंय की एखादी अडचण एका वापरकर्त्याला भेटण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के असते. ही सरासरी आली सॉफ्टवेअरच्या जुन्या चाचण्यांमधून. शक्यता १० टक्क्यांवर आली की त्याच पाच जणांकडून जेमतेम ४१ टक्के हाती लागतात. २००१ मध्ये व्यापारी वेबसाइटांवर पहिल्या पाच जणांनी फक्त ३५ टक्के अडचणी दाखवल्या. २००३ मध्ये ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाचचे गट उचलून पाहिले, तेव्हा एखाद्या गटाला जवळजवळ सगळ्या अडचणी सापडल्या, तर एखाद्याला ५५ टक्केच. आकडा मांडणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी: पाच जण एकदाच नव्हे, दुरुस्ती करून पुन्हा पाच, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रंथालयांनी पहिला अर्धा भाग उचलला, कारण तो खर्चात बसत होता. शिवाय प्रथम वर्षाचा विद्यार्थी आणि प्रबंध लिहिणारी संशोधक यांना एकाच पाचात कोंबलं, तर नेमकी कुणाची अडचण मोजली?

माझ्या मते मात्र माणसांच्या संख्येवर जेवढा वाद झाला, त्याच्या पावपटही चाचणीतल्या प्रश्नांवर झाला नाही. ‘आंतरग्रंथालयीन देवघेव वापरून हे पुस्तक मागवा’ (म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून आणवा) असा प्रश्न दिला की विद्यार्थी मेनूत तेच शब्द शोधतो आणि सुटतो. ‘हे पुस्तक आपल्याकडे नाही, काय कराल?’ असं विचारलं की तो अडतो. आणखी एक जुना प्रसंग: विद्यार्थी लेखाचं शीर्षक तालिकेच्या चौकटीत टाकतो, निकाल शून्य येतो, आणि ग्रंथालयात हा लेख नाहीच असं मानून उठतो. तालिकेत नियतकालिकाचं नाव असतं, आतल्या लेखांचं नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

२००४ मध्ये गूगल स्कॉलर हे विद्वत्साहित्य शोधायचं मोफत साधन आलं आणि विद्यार्थ्याला शोधाच्या एकाच चौकटीची सवय लागली. २००९च्या सुमारास शोधप्रणालींच्या पुरवठादारांनी ग्रंथालयांनाही पुस्तकं आणि लेख एकत्र शोधणारी तशी चौकट विकायला काढली. शून्य निकाल गेले, त्यांच्या जागी हजारो आले. आता चाचणीत ‘समीक्षित लेख’ (तज्ज्ञांनी तपासलेले लेख) हा गाळणीचा पर्याय कुणाला दिसत नाही असं आढळलं, तरी ग्रंथालय त्या पर्यायाचं नाव बदलू शकेल फार तर. निकालाच्या पानाची मूळ रचना पुरवठादाराच्या हाती असते.