पार्श्वभूमी : धावत्या गाडीचं वस्तुमान वाढतं का?

वेगाबरोबर वस्तुमान वाढतं ही कल्पना आइन्स्टाइनच्याही आधीची. विद्युतभारित गोळा हलवायचा तर त्याचं क्षेत्रही हलवावं लागतं, म्हणून तो जास्त जड असल्यासारखा वागतो, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांनी १८८१ मध्ये मांडलं. १९०१ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन इथे भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर काउफमान यांनी रेडियममधून निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून नेऊन फोटोच्या काचेवर टिपले. ते अपेक्षेपेक्षा कमी वळत होते, म्हणजे जास्त जड असल्यासारखे वागत होते.

पुढे घोळ झाला. डच भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झ आणि आइन्स्टाइन यांच्या सूत्रांत एकाच इलेक्ट्रॉनला दोन वस्तुमानं आली : गतीच्या दिशेने ढकललं तर एक, आडवं ढकललं तर दुसरं. १९०९ मध्ये लुईस आणि टोलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी संवेगाच्या (मोमेंटमच्या) हिशेबातून एकच सूत्र पुढे आणलं : स्थिर वस्तुमान (वस्तू थांबलेली असतानाचं) भागिले √(१ − वेग²/प्रकाशवेग²). पाठ्यपुस्तकांत तेच रुजलं. पण ते 'बल = वस्तुमान × त्वरण' यात घातलं की गतीच्या दिशेने उत्तर चुकतं. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९४८ च्या एका पत्रात स्थिर वस्तुमानच वापरावं, असं सुचवलं.

आता रोजचा वेग. १००० किलोची मोटार ताशी १०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटरने जातेय. साध्या कॅल्क्युलेटरवर वरचा छेद नेमका १ येतो आणि वाढ शून्य दिसते, कारण फरक पंधराव्या दशांश स्थळाच्या आसपास असतो. म्हणून वर्गमूळ सोडून, वाढीचं प्रमाण म्हणून वेग² ÷ (२ × प्रकाशवेग²) काढावं; कमी वेगाला ते जवळपास तेवढंच येतं. उत्तर सुमारे ४.३ × १०⁻¹⁵. जुन्या सूत्राने 'वाढ' ४.३ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). लिटरला १५ किलोमीटर देणारी तीच गाडी एका किलोमीटरमध्ये साधारण ५० ग्रॅम पेट्रोल जाळते, म्हणजे त्या वाढीच्या हजार कोटी पटीहून जास्त. जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये मात्र २५ हजार व्होल्टला इलेक्ट्रॉनसाठी वाढीचं हे प्रमाण ५ टक्क्यांच्या जवळ जायचं.

आजच्या भाषेत वाढते ती ऊर्जा आणि संवेग. गाडीचं वस्तुमान तेवढंच राहतं. पण हीच हालचाल वस्तूच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. बंद डब्यातलं लिटरभर पाणी २५ वरून १०० अंश सेल्सिअसवर तापवलं की आतले रेणू जास्त जोरात हलतात आणि डबा जागचा न हलताही त्याचं वस्तुमान खरोखरच सुमारे ३.५ नॅनोग्रॅमने वाढतं.