हिथ्रो आणि स्खिपोल: गर्दीने मोठा कोण, जागेने मोठा कोण

‘युरोपातला सर्वांत मोठा विमानतळ’ म्हटलं की लंडनच्या हिथ्रोचं नाव पुढे येतं. प्रवासी मोजले तर ते बरोबरच आहे: २०२४ मध्ये तिथे सुमारे ८.३९ कोटी प्रवाशांची ये-जा झाली. पण जागा मोजा. हिथ्रो जेमतेम १,२२७ हेक्टरवर, दोन धावपट्ट्यांवर चालतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्खिपोलकडे २,७८७ हेक्टर आणि सहा धावपट्ट्या असून प्रवासी ६.६८ कोटी.

गंमत पुढेच आहे. त्या वर्षी उड्डाणं आणि उतरणं मिळून दोन्हीकडे विमानांच्या फेऱ्या जवळपास सारख्याच झाल्या, सुमारे पावणेपाच लाख. स्खिपोलच्या सहाही धावपट्ट्या एकाच वेळी चालत नाहीत. उत्तर समुद्राकडून येणारा वारा दिशा बदलतो, म्हणून त्या वेगवेगळ्या दिशांना बांधल्या आहेत. वारा आणि आसपासच्या वस्तीला होणारा आवाज पाहून साधारण दोन-तीनच वापरात असतात. सहावी, २,०१४ मीटरची, मुख्यतः छोट्या विमानांसाठी आहे.

हिथ्रोवर एक पट्टी उतरायला, दुसरी उडायला. दुपारी तीनला अदलाबदल. वर्षाला ४,८०,००० फेऱ्यांची कायदेशीर मर्यादा असल्याने तिथे उतरण्या-उडण्याची ठरावीक वेळ (स्लॉट) मिळवणं महाग पडतं, म्हणून कंपन्या मोठी विमानं आणतात. फेरीमागे हिथ्रोवर सरासरी १७७ प्रवासी पडतात, स्खिपोलवर १४१. खरा फरक इथे आहे.

आकडे वाचताना एक मेख लक्षात ठेवा: विमान बदलणारा प्रवासी दोनदा मोजला जातो, उतरताना एकदा आणि चढताना एकदा. मुंबईहून स्खिपोलमार्गे ऑस्लोला जाणारा एकटा माणूस तिथल्या हिशेबात दोन होतो.

मोठ्या जागेचा भार प्रवाशावर कुठे पडतो? स्खिपोलच्या पोल्डरबान या ३,८०० मीटरच्या पट्टीवर उतरलात, तर गेटला लागायला पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. वाटेत विमान महामार्गावरच्या पुलावरून जातं आणि खाली गाड्या धावताना दिसतात. पण एकदा आत शिरलात की सगळं एकाच छताखाली. हिथ्रोवर उलट: टर्मिनल २ आणि ३ चालत गाठता येतात, ४ आणि ५ साठी रेल्वे किंवा बस. दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर सामान घेऊन बाहेर पडून पुन्हा चेक-इन करावं लागतं. तेव्हा टर्मिनल बदलत असेल तर हातात तीन तास तरी ठेवा.