आधी मैलावाहिनी, मग चित्र: जपानमधल्या ड्रेनेज-झाकणांची पार्श्वभूमी

ओसाकाच्या झाकणावर किल्ला आणि चेरीचा बहर, हाकोदातेच्या झाकणावर नाचणारे माकुल, नागोयाच्या झाकणावर पाण्यावर धावणारा किडा. या झाकणांचे फोटो आता सगळीकडे फिरतात आणि त्यांना सर्रास ‘रस्त्यावरची कला’ म्हटले जाते. चित्रे देखणी आहेतच. पण ती रस्ता सजवण्यासाठी आली नाहीत. लोकांनी भुयारी गटाराला होकार द्यावा, म्हणून आली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८८०च्या दशकात योकोहामातली परदेशी वस्ती आणि टोकियोतला ‘कांदा’ नावाचा भाग इथे आधुनिक गटारे झाली. पुढे टोकियो आणि नागोया या दोन शहरांच्या भौमितिक नक्ष्या देशभर पसरल्या आणि १९५८ मध्ये झाकणांचे राष्ट्रीय मानक ठरले. मग १९७७ मध्ये ओकिनावातल्या नाहा शहराने झाकणभर छोट्या छोट्या माशांचे चित्र ओतून घेतले. सांडपाणी शुद्ध झाले की पाण्यातले मासे सुखी, हा त्यामागचा विचार. पहिले चित्रझाकण म्हणून याचेच नाव घेतले जाते.

खरे वळण आले १९८०च्या दशकाच्या मध्यावर. तेव्हा देशातल्या जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या जास्त लोकांपर्यंत भुयारी गटार पोहोचले होते. मोठ्या शहरांतले काम बरेच उरकले होते, पाळी आता लहान गावांची होती. तिथे मैला उपसून नेणारा टँकर यायचा आणि लोकांचे भागत होते. नव्या गटारासाठी रस्ते खणणार, वर घरमालकाने वर्गणी भरायची, अंगणातून जोडणीही स्वखर्चाने करून घ्यायची. आणि एवढे करून दिसणार काय? काहीच नाही, सगळे जमिनीखाली. दिसते ते एकटे झाकण. म्हणून बांधकाम मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याने सुचवले, की प्रत्येक गावाने झाकणावर आपली खूण उमटवावी.

गटारासाठी पैसा मागताना झाकण नटवणे योग्य होते का, यावर दोन मते असू शकतात. माझ्या मते निर्णय बरोबर होता, कारण चित्र वरून लादले गेले नाही. गावाने आपले फूल, आपला उत्सव, आपला डोंगर निवडला आणि नको असलेले गटार थोडे आपले झाले.

पण भाषेने या निर्णयावर मात केली: बोलण्यात गटार मागे पडले आणि झाकण तेवढे उरले. गटारात उतरायच्या वाटेला जुना तांत्रिक शब्द आहे ‘जिन्को’, म्हणजे शब्दशः माणसाचे भोक. झाकणाला कामगार म्हणतात ‘तेत्सुबुता’, लोखंडी झाकण. बोलीत मात्र ‘मान्होरु’ (इंग्रजी ‘मॅनहोल’) म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर झाकणच येते. ‘डिझाइन मान्होरु’ या शब्दात तर खालचे भोक उरलेलेच नाही. आपण ‘रंगवलेली झाकणे’ म्हणतो, तेही चूक. चित्र बिडातच ओतलेले असते. उंच कडांनी एकेक खळगा वेगळा केलेला असतो आणि त्यात कारागीर हाताने रंगीत राळ भरतो. कडेमुळे शेजारचे रंग मिसळत नाहीत. बहुतेक गावांत असे रंग भरलेले नग थोडेच असतात. बाकी रस्त्यांवर तेच चित्र बिनरंगाचे पडलेले असते.

चित्र काठापर्यंत पसरलेले असते, त्यालाही कारण आहे. मोठा सपाट भाग सुटला तर पावसात दुचाकी घसरते. झाकण निमुळत्या चौकटीत घट्ट बसते, त्यामुळे वाहनाखाली खडखडत नाही. अतिवृष्टीत आतल्या दाबाने ते उडू नये म्हणून कुलूपही असते. वाहनांच्या रस्त्यावर त्याचे आयुष्य साधारण १५ वर्षे धरतात, इतरत्र ३०.

२०१६ मध्ये झाकणांची कार्डे निघाली: फुकट, पण स्वतः त्या गावी जाऊन घ्यायची, माणशी एकच, वर झाकणाचे अक्षांश-रेखांश छापलेले. २०१८च्या डिसेंबरमध्ये इबुसुकी शहरात पहिली पोकेमॉन झाकणे बसली. माणसे झाकण पाहायला गावोगाव जाऊ लागली, हे मला मनापासून आवडते.

मात्र झाकणाखाली वाहिनी असते, हे विसरून चालत नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी सायतामा प्रांतातल्या याशिओ शहरात ४.७५ मीटर व्यासाची मैलावाहिनी फुटली, रस्ता खचला आणि एक ट्रक खड्ड्यात गेला. चालकाचा जीव गेला. सुमारे १२ लाख लोकांना आंघोळ आणि कपडे धुणे कमी करण्याची विनंती करावी लागली. देशात जवळपास ४.९ लाख किलोमीटर मैलावाहिन्या आहेत आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचे प्रमाण वाढत चालले आहे. त्या दुर्घटनेनंतर २ मीटर आणि त्याहून मोठ्या व्यासाच्या, ३० वर्षांहून जुन्या वाहिन्यांची देशभर तपासणी हाती घेण्यात आली.