वसंतारंभीचे लहरी हवामान

समशीतोष्ण कटिबंधात हिवाळा सरताना काही आठवडे हवा एका दिवसात दोन-तीन ऋतूंची रूपे दाखवते, त्या काळातील हवामान. हवामानशास्त्रीय गणनेत वसंत उत्तर गोलार्धात १ मार्चला, तर दक्षिण गोलार्धात १ सप्टेंबरला सुरू होतो. हवा मात्र तारीख पाळत नाही.

या लहरीपणाचे मूळ एका विसंगतीत आहे. मार्चमधील विषुवदिनाला सूर्य आकाशात जितका वर येतो, तितकाच तो सप्टेंबरमधील विषुवदिनालाही येतो. तरी उत्तर गोलार्धात मार्च गार असतो आणि सप्टेंबर उबदार. ऊन आलेले असते, पण माती, समुद्र आणि वरची हवा अजून हिवाळ्यातच असतात. ध्रुवाकडील आणि विषुववृत्ताकडील हवेच्या तापमानातील फरकही अद्याप मोठा असतो. त्यामुळे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जोरात वाहतो, आणि तो जरा उत्तर-दक्षिण सरकला की उबदार वाऱ्यांच्या जागी थेट ध्रुवीय वारे येतात.

रोजच्या घडामोडींचा क्रम याहून मजेशीर आहे. सकाळ निरभ्र असते. उन्हाने जमीन तापते, पण पाच-सहा किलोमीटर उंचीवरची हवा गारच राहते. मग खालची हवा झपाट्याने वर चढते आणि दुपारपर्यंत ढगांचे गठ्ठे जमतात. एक सर येते, कधी तिच्यासोबत थर्मोकोलच्या दाण्यांसारख्या मऊ गारा तडतडतात, आणि दहा मिनिटांत पुन्हा ऊन पडते. संध्याकाळी जमीन तापायची थांबली की ढग विरतात. आकाश मोकळे झाल्याचा आनंद सकाळपर्यंतच टिकतो, कारण निरभ्र रात्री जमिनीची उष्णता सरळ निघून जाते आणि पहाटे गवतावर दहिवर, म्हणजे बर्फकणांचा पातळ थर, दिसते.

हे सगळे घराभोवती अगदी जवळून पाहता येते. ५० अंश उत्तर अक्षांशावर विषुवदिनी दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेकडील उभ्या भिंतीला सपाट अंगणापेक्षा थेट ऊन जास्त मिळते. त्या भिंतीला पाठ टेकून बसावे तर स्वेटर नकोसा होतो. घराला वळसा घालून उत्तरेला जावे तर सावलीत मळकट बर्फाचा ढीग तसाच पडलेला. तो हट्टी असण्याला कारण आहे: बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी सुमारे ८० अंश सेल्सियसने तापले असते. छपरावरचे बर्फ दुपारी वितळून पागोळ्या गळतात आणि रात्री त्यांचेच बर्फाचे सुळे होतात. भिंतीच्या भेगेत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि भेग रुंदावते. दमट उबदार वारा दारातून आत आला की हिवाळाभर गारठलेल्या फरशीला घाम फुटतो. छप्पर गळते आहे असे वाटून लोक उगाच वर पाहतात.

तापमानाच्या आकड्यावरही फार विसंबू नये. केंद्रांवर ते जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. शांत, निरभ्र रात्री गवताजवळची हवा त्याहून कित्येक अंश गार असू शकते, त्यामुळे आकडा शून्याच्या वर असतानाही कुंड्यांतील रोपे करपतात. गार हवा जड असल्याने उतारावरून ओघळून अंगणातल्या खोलगट कोपऱ्यात साचते.

खरे नुकसान थंडीने होत नाही, आधीच्या उबेने होते. आठवडाभर ऊब मिळाली की कळ्या जाग्या होतात आणि गोठणे सोसण्याची ताकद गमावतात. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये मार्चअखेर असामान्य उष्ण दिवस आले, लगेच एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडक दहिवर पडले, आणि द्राक्षबागा व फळबागांची मोठी हानी झाली.

ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातील फरक कमी होऊन जेट प्रवाह ध्रुवाकडे सरकला की ही चंचलता ओसरते. समुद्राकाठच्या घरांना थोडी अधिक वाट पाहावी लागते. पाणी सर्वांत उशिरा तापते आणि तिकडून येणारा वारा भर उन्हातही अंगावर काटा आणतो.