१९९३ चा मारिओ आणि २०२३ चा मारिओ: कोणता चित्रपट कोणता?

‘सुपर मारिओ’ हा निन्टेन्डो या जपानी कंपनीचा व्हिडिओ गेम. त्यावरचा चित्रपट म्हणून नुसतं ‘सुपर मारिओ’ शोधलं की दोन चित्रपट समोर येतात, आणि नावं इतकी सारखी की चुकीच्यावर बोट पडायला वेळ लागत नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९९३ चा, खऱ्या नटांनी काम केलेला. ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’ हा २०२३ चा, पूर्ण अ‍ॅनिमेशनचा. नावात ‘मूव्ही’ असेल तर नवा, नसेल तर जुना, ही खूण मूळ नाव जसंच्या तसं छापलं असेल तरच चालते. याद्यांमध्ये आणि टीव्हीच्या वेळापत्रकात आगेमागेचे शब्द सर्रास गाळले जातात. अशा वेळी लांबी बघा. जुना १०४ मिनिटांचा आहे, नवा ९२ मिनिटांचा. कलाकारांच्या यादीत बॉब हॉस्किन्स, जॉन लेग्विझामो आणि डेनिस हॉपर दिसले तर तो जुना. क्रिस प्रॅट, आन्या टेलर-जॉय आणि जॅक ब्लॅक असतील तर नवा. वयाच्या प्रमाणपत्रावर मात्र भिस्त ठेवू नका. अमेरिकेत दोन्हींना एकच, ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाने बघण्याचं) प्रमाणपत्र मिळालं आहे, आणि लहान मुलांच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोंधळ वाढतो तो कथेच्या सारांशामुळे. दोन्हींत ब्रुकलिनमधले दोन प्लंबर भाऊ आहेत, जमिनीखालच्या वाटेने ते दुसऱ्या जगात पोचतात, तिथे एक राजकन्या आहे आणि एक दुष्ट राजा. चार ओळींत मांडलं तर दुसरा हा पहिल्याचाच रीमेक वाटावा. प्रत्यक्षात तो रीमेकही नाही आणि पुढचा भागही नाही. दोघांचा मूळ गेमकडे बघण्याचा दृष्टिकोनच उलटा आहे, आणि बाकीचे सगळे फरक त्यातून आले आहेत.

१९८५ च्या गेममध्ये गोष्ट अशी फारशी नव्हतीच. मशरूम खाल्लं की मारिओ मोठा होतो, उडी मारून शत्रूच्या डोक्यावर आपटलं की शत्रू संपतो, पाइपमधून दुसरीकडे जाता येतं. असं का, हे गेम सांगत नाही, आणि खेळणाराही विचारत नाही. १९९३ च्या चित्रपटाने नेमकं हेच विचारायचं ठरवलं. उल्का पडून डायनोसॉर मेले नाहीत, तर एका समांतर जगात ढकलले गेले, तिथेच त्यांची उत्क्रांती होऊन माणसासारखे दिसणारे जीव तयार झाले, आणि त्यांचं शहर म्हणजे डायनोहॅटन, असं उत्तर त्याने शोधलं. मग प्रत्येक गोष्टीला कारण लागत गेलं. मारिओ एवढी उंच उडी मारतो कशी? तर त्याच्या पायात यांत्रिक बूट आहेत आणि त्यांत काडतूस भरावं लागतं. मशरूम कुठून आलं? तर पदच्युत राजाची उत्क्रांती उलटी फिरवून त्याची बुरशी केली आहे, आणि ती साऱ्या शहरभर पसरली आहे. कल्पना म्हणून हे धाडसी आहे, आणि उत्तर कॅरोलायनातल्या एका बंद पडलेल्या सिमेंटच्या कारखान्यात उभारलेला त्या शहराचा सेट पडद्यावर आजही बघण्यासारखा आहे. पण एवढी कारणं देताना उडीतली मजा हरवते. काडतूस भरून मारलेली उडी मारिओची न राहता बुटांची होते.

२०२३ चा चित्रपट कारण देतच नाही. दिग्दर्शक अ‍ॅरन होर्वाथ आणि मायकल जेलेनिक यांनी गेमचे नियम जसेच्या तसे पडद्यावर आणले. सुरुवातीलाच दोघे भाऊ कामावर पोचायला धावतात तो प्रसंग बारकाईने पाहा. कॅमेरा बाजूने, एका रेषेत सरकत राहतो आणि मारिओ बांधकामाच्या सांगाड्यावरून उड्या मारत डावीकडून उजवीकडे जातो. जुन्या गेमची चौकटच ती. पुढे पीच राजकन्या त्याला अडथळ्यांच्या मैदानात शिकवते तेव्हा तो पडतो, आपटतो, परत पहिल्यापासून सुरू करतो. गेम शिकायची रीत हीच असते. मशरूम खाल्लं की मोठा आणि फटका बसला की पुन्हा लहान, हा नियम त्याला सांगून नव्हे तर भोगून कळतो. डाँकी काँग या गोरिलाशी झुंजताना हाती आलेलं निळं मशरूम खातो आणि मोठा होण्याऐवजी बोटभर होतो, ही गंमत नियम माहीत नसलेल्यालाही लगेच समजते. त्यात भर म्हणजे या मारिओला मशरूम मुळात आवडतच नाही. घरच्या जेवणात तो ते ताटातून वेगळं काढून ठेवतो, हे आधीच दाखवलेलं असतं.

दोन्हींतला गूम्बा समोरासमोर ठेवला तर हाच फरक एका नजरेत दिसतो. गेममधला गूम्बा म्हणजे दोन पायांवर चालणारं ठेंगणं तपकिरी मशरूम, आणि २०२३ मध्ये तो तसाच आहे. १९९३ मधला गूम्बा माणसापेक्षा धिप्पाड, अंगात लांब कोट आणि खांद्यांवर मुठीएवढं सरड्याचं डोकं. गेममध्ये मशरूमसारख्या डोक्याचा असलेला टोड हा तिथे रस्त्यावर गिटार वाजवून राजाविरुद्ध गाणारा माणूस आहे. त्याला पकडून खुर्चीत बसवतात, यंत्रात डोकं घालतात आणि बाहेर येतो तो गूम्बा होऊन. लहान मुलांना घाबरवणारा प्रसंग हाच.

पात्रांची नावं तपासतानाही गफलत होते. १९९३ मधली राजकन्या पीच नसून डेझी आहे. डेझी गेममध्ये आली ती १९८९ च्या ‘सुपर मारिओ लँड’मध्ये. चित्रपटातली डेझी डायनोसॉरचे जीवाश्म शोधणारी विद्यार्थिनी आहे आणि तिच्यावर जीव जडतो तो मारिओच्या भावाचा, लुइजीचा; या लुइजीला मिशीही नाही. २०२३ मध्ये राजकन्येला पळवून नेण्याचा जुना साचाच बदलला आहे. शत्रूच्या तावडीत सापडतो तो लुइजी, आणि पीच मारिओच्या बरोबरीने लढायला निघते. मला हा बदल नव्या चित्रपटातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. भावाला शोधायचं या एका कारणावर सगळी धावपळ टिकते आणि पीचला नुसतं कैदेत बसून राहावं लागत नाही. खलनायकाचंही तसंच. जुन्या चित्रपटातला राजा कूपा म्हणजे सूट घातलेला, केसांच्या पट्ट्या चापून बसवलेला डेनिस हॉपर. नव्यातला बाउझर म्हणजे काटेरी पाठीचा आग ओकणारा महाकाय कासव, जो पियानोवर बसून पीचसाठी प्रेमगीत गातो.

मुलांना दाखवायचा असेल तर सहा-सात वर्षांच्या खालच्यांसाठी २०२३ चाच घ्या. त्यातही दोन जागा तयारी ठेवण्यासारख्या आहेत. अंधाऱ्या जंगलात हाडांचे सापळे लुइजीच्या मागे लागतात, आणि एक अजस्र सागरी मासा मारिओला गिळतो. दोन्ही प्रसंग लवकर आटोपतात. १९९३ चा मात्र गेम ओळखणाऱ्या, जरा मोठ्या मुलांबरोबर बघावा. त्यातला अंधार, बंदुका आणि यंत्रात माणसं बदलणं हे सगळं मोठ्यांच्या विज्ञानकथेच्या अंगाने जातं.

हे असं झालं त्यामागे निर्मितीतला फरक आहे. १९९३ मध्ये निन्टेन्डोने हक्क दिले आणि कथेत फारसा हात घातला नाही. पटकथा पुन्हापुन्हा बदलत गेली. चार कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि अमेरिकेत जेमतेम दोन कोटींच्या आसपास परत आले. त्यानंतर पुढची तीस वर्षं मारिओ चित्रपटगृहाच्या पडद्यावर आला नाही. २०२३ मध्ये मारिओचे जनक शिगेरू मियामोतो स्वतः इल्युमिनेशन या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे क्रिस मेलेदान्द्री यांच्यासोबत चित्रपटाचे निर्माते झाले, आणि ब्रायन टायलर यांनी संगीत देताना कोजी कोन्दो यांच्या गेममधल्या धुना मुद्दाम गुंफल्या. दहा कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १३६ कोटी डॉलर कमावले. गेमवर आधारलेल्या चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ.

श्रेयनामावली सुरू झाली म्हणून लगेच उठू नका. २०२३ च्या चित्रपटात दोन तुकडे आहेत: नामावलीच्या मध्ये बाउझरचा, आणि अगदी शेवटी, ब्रुकलिनच्या खालच्या गटारात योशी या गेममधल्या डायनोसॉरचं अंडं. १९९३ च्या चित्रपटातही नामावलीनंतर एक छोटा प्रसंग आहे, ज्यात दोन जपानी अधिकारी कूपाच्या इग्गी आणि स्पाइक या हस्तकांना गेम काढण्याचा प्रस्ताव देतात. त्याआधी डेझी शस्त्रं घेऊन परत येते आणि कथा अर्ध्यावर थांबते. पुढचा भाग कधी आला नाही, तेव्हा तो शोधत बसू नका.

यादीत तिसरं नाव दिसलं तर तेही ओळखून ठेवा. १९८६ चा जपानी अ‍ॅनिमेशनपट सुमारे तासाभराचा आहे आणि पीच राजकन्येच्या सुटकेची वेगळीच गोष्ट सांगतो. २०२५ मध्ये नाव जाहीर झालेला ‘द सुपर मारिओ गॅलक्सी मूव्ही’ हा २०२३ च्या चित्रपटाचा पुढचा भाग आहे. तो बघण्याआधी ९२ मिनिटांचा तेवढा पाहिला की पुरे. १०४ मिनिटांच्या चित्रपटाचा त्याच्याशी काही संबंध नाही.