हस्तर कुठल्याही पुराणात नाही

'तुंबाड' हा भयपट २०१८ साली आला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर लागला, आणि आमच्या सोलापुरात त्यातला राक्षस हस्तर खरा की रचलेला, ही जुनी चर्चा नव्याने सुरू झाली. बाळीवेशीतल्या मामांकडे जेवताना मामा भाकरी मोडत ठामपणे म्हणाले, "हस्तर खराच आहे रे. त्याचं नाव पोथ्यांतून काढून टाकलंय."

मामा, तसं नाही. अठरा पुराणांपैकी एकातही हस्तर नाही. पूर्तीची देवी, तिचा सोन्याला आणि धान्याला हपापलेला पहिला मुलगा, त्याची कधीच पूजा होणार नाही ही अट, हे सगळं चित्रपटासाठी रचलेलं आहे. गैरसमज इतका टिकला, कारण गोष्टच तशी विणली आहे: देवाला विस्मरणाचा शाप दिला की पोथीत नाव नसणं हाच लोकांना पुरावा वाटतो.

तुंबाड हे गाव मात्र खरं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं, पण त्या कादंबरीत हा राक्षस शोधू नका. भयाचं मूळ बीज नारायण धारपांच्या कथेतलं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीच ते सांगितलं आहे. मला याचंच जास्त वाईट वाटतं: न लिहिलेल्या पुराणाला श्रेय मिळतं आणि धारपांसारखा आपला भयकथाकार बाजूला राहतो.

मामी परातीत कणीक मळत होत्या. धाकट्या भाचीने त्यातला गोळा उचलून, चित्रपटात हस्तरला भुलवायला करतात तशी बाहुली केली, दोन बोटांनी डोळे दाबले आणि मुकाट्याने मामांच्या ताटाशेजारी ठेवली. मामांनी हात मागे घेतला.