एका कानाला दोन तज्ज्ञ कसे मिळाले

ऐकू कमी येतं म्हणून कान दाखवायला गेलेल्या माणसाला बहुधा दोन खोल्यांतून जावं लागतं. पहिल्या खोलीत कान-नाक-घसा तज्ज्ञ कानात डोकावतात. पडदा शाबूत आहे का, मळ साचलाय का, पू दिसतोय का, ते बघतात. मग पाठवतात दुसऱ्या, आवाजबंद खोलीत. तिथे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे किती ऐकू येतं हे मोजणारे तज्ज्ञ, कानांवर हेडफोन चढवतात आणि सांगतात, ‘‘अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबा.’’ एकाच कानासाठी दोघं कशाला, असं वाटून पुष्कळ जण दुसऱ्या खोलीपर्यंत जातच नाहीत. मला याची फार हळहळ वाटते. या दोन विद्या वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून जन्मल्या. ते समजलं की आपण कुणाकडे जायचं हेही कळतं.

कानाची दुखणी माणसाइतकीच जुनी. प्राचीन इजिप्तच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात कानावरचे उपाय सापडतात. सुश्रुतसंहितेत २८ कर्णरोग सांगितले आहेत आणि कान, नाक, डोळे, घसा यांच्या रोगांची शालाक्यतंत्र नावाची वेगळी शाखाच होती. पण जिवंत माणसाच्या कानात खोलवर बघण्याची सोय शतकानुशतकं नव्हती. पडद्यामागे काय चाललंय हे अंदाजानेच ठरवायचं. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने कानाला घशाच्या वरच्या भागाशी जोडणाऱ्या नळीचं नीट वर्णन केलं. सर्दी झाली की कानाला दडे बसतात ते या नळीमुळेच, आणि कान, नाक, घसा एकाच तज्ज्ञाकडे असण्यामागेही ही नळी आहे.

खरा उजेड पडला तो एका आरशाने. १८४१मध्ये हॉफमन या जर्मन डॉक्टराने मधोमध भोक असलेला आरसा वापरून कानात प्रकाश टाकला. १८५५च्या सुमारास आंतोन फॉन ट्रॉल्च याने ही पद्धत पुन्हा पुढे आणली, आणि मग पडदा डोळ्यांनी दिसू लागला.

त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ टॉइनबी हा सर्जन मृतांचे कान उघडून बघत होता. एक-दोन नव्हे, जवळपास दोन हजार. त्यातल्या कित्येक कानांत त्याला पडद्यामागचं, रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड जागच्या जागी घट्ट बसून गेलेलं आढळलं. बहिरेपणाचं एक कारण असं हाताला लागलं. पण उपाय नव्हता. कानात सतत येणाऱ्या आवाजावर, म्हणजे टिनिटसवर, उपाय शोधताना १८६६मध्ये त्याने क्लोरोफॉर्म आणि हायड्रोसायनिक आम्लाची वाफ स्वतःवर आजमावली आणि त्यातच तो गेला. त्याने पाहिलेलं ते अडकलेलं हाड काढून त्या जागी टेफ्लॉनचं बसवण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत जॉन शे यांनी केली १९५६मध्ये, टॉइनबीच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी.

व्हिएन्नात १८६१मध्ये आडाम पोलिट्झर कर्णरोग शिकवू लागला आणि १८७३मध्ये तिथे त्याचा आणि योसेफ ग्रुबरचा कर्णरोग विभाग उघडला. त्याच सुमारास जर्मनीत हेर्मान श्वार्त्झे कानामागच्या हाडात साठलेला पू काढण्याची शस्त्रक्रिया रूढ करत होता. आज ‘कान वाहतोय’ हे आपण सहज बोलून जातो, पण प्रतिजैविकं येण्याआधी तो पू मेंदूपर्यंत पोचून माणसं दगावत. कानाचा डॉक्टर पहिल्यांदा घडला तो या भीतीतून. त्याचं पहिलं काम जीव वाचवणं, ऐकू येणं त्यानंतरचं.

किती ऐकू येतं, हे मोजायला बराच काळ एक नादकाटाच होता, म्हणजे ठोकला की एकाच सुरात वाजणारा दोन दातांचा धातूचा काटा. १८५५मध्ये हाइनरिख रिने याने सांगितलेली चाचणी आजही होते. काटा ठोकून त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवतात. आवाज थांबला की बोट वर करायचं. लगेच तोच काटा कानासमोर धरतात. निरोगी कानाला तो अजून ऐकू येतो. हाडावरून येत होता आणि कानासमोर येत नसेल, तर वाट बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडली आहे: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे पाणी किंवा ते अडकलेलं हाड. ऐकू कमी येत असूनही काटा हवेतून जास्त वेळ ऐकू येत असेल, तर दोष आतल्या कानात किंवा ऐकण्याच्या नसेत असण्याची शक्यता जास्त. अडलेली वाट बऱ्याचदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने मोकळी करता येते. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मात्र एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

इथेच दुसऱ्या तज्ज्ञाची गरज सुरू होते. १९२०च्या दशकात विजेवर चालणारा ऑडिओमीटर वापरात आला आणि ऐकण्याचा आलेख कागदावर उमटू लागला. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि स्फोटांनी कान गेलेले सैनिक अमेरिकेत हजारोंनी परतले. अशा कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आसपास ठळक खड्डा दिसतो. त्यांच्या कानात शस्त्रक्रियेने कापण्यासारखं काय होतं? त्यांना हवं होतं श्रवणयंत्र, ते वापरायचा सराव, ओठांवरून बोलणं ओळखण्याचं शिक्षण. लष्करी इस्पितळांतल्या पुनर्वसन केंद्रांत वाचा-श्रवणाचे शिक्षक आणि डॉक्टर एकत्र आले. वाचा-श्रवणाचे अभ्यासक रेमंड कारहार्ट आणि कानाचे डॉक्टर नॉर्टन कॅनफिल्ड यांच्या कामातून १९४५च्या सुमारास ‘ऑडिओलॉजी’ हे नाव रुळलं. पुढे १९७८मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की निरोगी कान स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. त्यामुळे झोपलेल्या तान्ह्या बाळाचा कानही काही मिनिटांत तपासता येऊ लागला.

बाळाच्या बाबतीत म्हणूनच ‘होईल मोठं तसं बोलेल’ असं म्हणून थांबू नये. पहिल्या महिन्यात तपासणी, दोष आढळला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत मदत सुरू, असा क्रम जगभर मानला जातो. भाषा शिकण्याची ती वर्षं परत येत नाहीत.

कान वाहत असेल, ठणकत असेल, कानात वाजणारा आवाज किंवा बहिरेपणा एकाच बाजूला असेल, चक्कर येत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. चक्कर आतल्या कानामुळेही येऊ शकते हे प्रॉस्पेर मेनियेर या फ्रेंच डॉक्टराने १८६१मध्येच मांडलं होतं. दोन्ही कानांनी हळूहळू कमी ऐकू येतंय, टीव्हीचा आवाज वाढत चाललाय, गर्दीत बोलणं लागत नाही, दुखणं काहीच नाही, अशा वेळी थेट ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन आलेख काढून घेतला तरी चालतो. आलेखात काही खटकलं तर ते स्वतःच डॉक्टरांकडे पाठवतात.

एक प्रसंग मात्र वाट बघू देत नाही. सकाळी उठल्यावर अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर ‘मळ असेल, सर्दी असेल, उतरेल’ असं म्हणत घरचं तेल ओतत बसू नका. नसेचा बहिरेपणा असा एकाएकीही येऊ शकतो आणि त्यावरचे स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत दिले तर गुण येण्याची आशा जास्त असते. कान मळाने बंद आहे की नस गेली आहे, हे नादकाटा मिनिटाभरात सांगतो. त्याच दिवशी जा.